चीन म्हणतं एवढा माल भारतात पाठवला, आपलं कस्टम म्हणतं एवढा आलाच नाही. प्रबंधासाठी कुठला आकडा धरायचा?

अनुजा_क (पुणे)

नमस्कार मंडळी. एमए अर्थशास्त्राचा प्रबंध करते आहे. विषय: चीनने निर्यातीवरचा व्हॅट परतावा कमी-जास्त केला की भारतात येणाऱ्या मालाच्या भावात त्यातलं किती उतरतं. वस्तू ठरवल्या आहेत सोलर मॉड्यूल, फ्लॅट स्टील आणि काही केमिकल इंटरमिजिएट (औषधं, रंग, कीटकनाशकं बनवायला लागणारी मधल्या टप्प्यातली रसायनं). (तिसरी वस्तू घ्यायचं कारण, कुरकुंभ एमआयडीसी इथून जवळ आहे. भाव विचारायला माणसं मिळतील.)

अडले ते इथे:

१) चिनी कस्टमच्या आकड्यांत २०२३ या कॅलेंडर वर्षात भारताला निर्यात साधारण ११७.७ अब्ज डॉलर. आपल्या वाणिज्य मंत्रालयाच्या आकड्यांत २०२३-२४ मध्ये चीनकडून आयात १०१.७ अब्ज. आयात तर विमा-भाडं धरून मोजतात ना? मग आपला आकडा मोठा हवा.

२) परतावा १३ वरून ९ टक्के झाला तर भाव ४ टक्के वाढावा असं धरलं आहे. बरोबर आहे का?

३) चिनी उद्योगाला मिळणारं अनुदान वेगळं कसं काढतात? आणि पर्यावरणाच्या कारवाईमुळे कारखाने बंद पडतात त्याचा परिणाम यात मिसळतो, तो कसा सोडवायचा?

सर म्हणतात "यूएन कॉमट्रेड (संयुक्त राष्ट्रांची व्यापार-आकडेवारी) घे आणि रिग्रेशन चालव". मला ते पटत नाहीये.

---

बिल_ऑफ_एंट्री

न पटणं योग्यच आहे. पहिल्या प्रश्नापासून घेऊ, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

तुम्ही फरक १६ अब्ज धरलात, खरा त्याहून मोठा आहे. चीनचा निर्यात आकडा एफओबी (जहाजावर चढेपर्यंतची किंमत), आपला आयात आकडा सीआयएफ (विमा-भाडं धरून). नाणेनिधी पूर्वी या दोन्हींत १० टक्क्यांचं अंतर धरायचा, आता ६ टक्के धरतो. ११७.७ ला १.०६ ने गुणा: १२४.८. म्हणजे आपल्याकडे साधारण १२५ अब्ज दिसायला हवे होते. कॅलेंडर आणि आर्थिक वर्षाचा घोळ काढला तरी चित्र पालटत नाही, कारण आपला २०२२-२३ चा आकडाही ९८.५ अब्जच आहे. २३ अब्जांच्या आसपासची पोकळी उरतेच.

ती पोकळी कशाने बनली आहे हे एकूण आकड्यावरून कधीच कळत नाही. सहा आकडी एचएस कोडवर (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) उतरा आणि प्रत्येक कोडसाठी मूल्य आणि नग/वजन वेगवेगळे जुळवा. मग तीन प्रकार दिसतात.

वजन जुळतं, पण मूल्य आपल्याकडे कमी: अंडर-इनव्हॉइसिंगचा (बिलात किंमत कमी दाखवण्याचा) वास. वजनही कमी, आणि शेजारच्या कोडवर उलट दिशेने तेवढीच वाढ: माल कमी ड्युटीच्या कोडखाली दाखवलाय. वजन कमी आणि शेजारीही काही नाही: माल चीनने "भारत" म्हणून लिहिला पण आपल्याकडे दुसऱ्या देशाच्या नावावर उतरला, किंवा उतरलाच नाही.

हा तिसरा प्रकार लोक विसरतात. चीनमध्ये बॉण्डेड झोनमधून (जिथे ड्युटी न भरता माल ठेवता येतो) बाहेर जाणारा परदेशी मूळ असलेला मालही त्यांच्या निर्यातीत मोजला जातो. आपलं कस्टम आयात मोजतं मूळ देशावरून. कोरिया किंवा तैवानची चिप शेन्झेनच्या बॉण्डेड गोदामातून इथे आली तर त्यांच्या वहीत ती चीनची निर्यात आणि आपल्या वहीत कोरिया-तैवानची आयात. यात कोणी चोर नाही. म्हणून चिनी कस्टमच्या ऑनलाइन क्वेरीत "ट्रेड मोड" हा रकाना निवडून आकडे काढा: १० म्हणजे साधारण व्यापार, १४ आणि १५ म्हणजे प्रक्रिया व्यापार, ३३ आणि ३४ म्हणजे बॉण्डेड गोदाम आणि विशेष क्षेत्रातला माल. ३३-३४ वगळून पोकळी किती उरते ते पहिल्यांदा बघा. इलेक्ट्रॉनिक्सच्या कोडवर बराच फरक पडतो, स्टीलवर जवळपास नाही. कॉमट्रेडमधून नेहमी काढतो त्या तक्त्यात ही फोड नसते, तुमच्या सरांना एवढंच सांगा.

हाँगकाँगचा मार्ग मात्र उलट दिशेने काम करतो. चीनने "हाँगकाँगला" म्हणून लिहिलेला माल पुढे न्हावा शेवाला आला तर आपण तो चीनचाच धरतो, म्हणजे आपला आकडा मोठा व्हायला हवा. तरीही आपला लहान आहे. यावरून बाकीच्या कारणांचा जोर लक्षात घ्या.

आता जुळणी करताना हमखास होणारे घोटाळे:

एचएस बदल. सोलरसाठी हा जीवघेणा आहे. २०२१ पर्यंत सेल, मॉड्यूल आणि एलईडी सगळे ८५४१४० खाली होते. एचएस २०२२ मध्ये फुटले: एलईडी ८५४१४१, सुटे सेल ८५४१४२, मॉड्यूल ८५४१४३. सहा आकड्यांवर २०१९ ते २०२४ अशी सलग मालिका काढाल तर जुन्या भागात एलईडीच्या पट्ट्या मिसळलेल्या असतील.

आठ आकडे जुळवू नका. पहिले सहा जगभर सारखे, पुढचे दोन ज्या त्या देशाचे. चीनमध्ये ८५०५१११० म्हणजे रेअर अर्थचे (दुर्मिळ मृदा धातूंचे) कायमचुंबक, आपल्याकडे त्याच आठ आकड्यांवर फेराइट कोअर. दोन्ही फायली सॉफ्टवेअरने आठ आकड्यांवर जोडल्या की काहीही एरर न देता कचरा तयार होतो.

एकक. आपल्याकडे मॉड्यूल नगावर मोजतात. ३३० वॅटचं जुनं पॅनल आणि ५५० वॅटचं नवं पॅनल, दोन्ही एक नग. नगाचा भाव १० टक्के उतरला म्हणजे वॅटचा भाव प्रत्यक्षात ४६ टक्के उतरलेला असू शकतो (०.९ × ३३० ÷ ५५० = ०.५४). चिनी बाजूला नगाबरोबर किलोही मिळतात. जुनं ७२ सेलचं पॅनल साधारण २२ किलो, म्हणजे किलोला १५ वॅट. ५५० वॅटचं एका काचेचं साधारण २८ किलो, किलोला १९ ते २० वॅट. दोन काचांचं ३२ किलोच्या आसपास, किलोला १७. किलोवर काढलेला भावही पूर्ण स्वच्छ नाही, पण नगापेक्षा कितीतरी बरा.

वेळ. निंगबो किंवा शांघायहून न्हावा शेवा साधारण तीन आठवडे, वाटेत जहाज बदललं तर जास्त. चीनचा महिना आणि आपला पुढचा महिना अशी जोडी लावा. जानेवारी-फेब्रुवारी कधीही वेगळे वापरू नका. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या मध्ये कुठेही पडतं, आणि दोन्ही महिन्यांचे वाढीचे दर निव्वळ सुट्टीचे दर होतात. बेरीज करा, दोनाने भागा.

पोकळी करदरावर रिग्रेस करायची पद्धत फिसमन आणि वेई यांनी २००४ मध्ये हाँगकाँग-चीन आकड्यांवर वापरली. करात एक टक्का-बिंदू वाढ झाली की चुकवेगिरी साधारण ३ टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा निष्कर्ष. त्यातली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे शेजारच्या कोडवरचा सरासरी कर हा त्यांनी वेगळा चल म्हणून घातला, म्हणून चुकीच्या कोडखाली जाणारा माल पकडता आला. तुमच्या समीकरणात तो घाला. आणि आपला कर मोजताना बेसिक ड्युटी, त्यावरचा १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि असेल तिथे एआयडीसी (कृषी पायाभूत सुविधा व विकास अधिभार) एवढंच धरा. उदाहरणार्थ बेसिक २० टक्के असेल तर अधिभारासह २२. आयजीएसटी १२२ वर १८ टक्के म्हणजे २१.९६ लागतो, पण नोंदणीकृत कारखान्याला तो क्रेडिटमध्ये परत मिळतो. तो चुकवण्यात त्याला रस नसतो. बिलाशिवाय विकणाऱ्या व्यापाऱ्याला असतो. वस्तू कारखान्यात जाणारी की बाजारात विकली जाणारी यावर हे ठरतं, म्हणून दोन्ही प्रकारे चालवून बघा.

---

ताळेबंद

दुसऱ्या प्रश्नावर. ४ टक्के नाही, पण जवळ आहात. हिशेब करून बघू.

चीनमध्ये १ एप्रिल २०१९ पासून बहुतेक मालावर व्हॅट १३ टक्के आहे (आधी १६, त्याआधी १७). स्वतः बनवून निर्यात करणाऱ्या कारखान्याला निर्यातीवर कर लागत नाही आणि कच्च्या मालावर भरलेला कर आधी देशांतर्गत कराशी वळता होतो, उरला तर रोख परत मिळतो. परताव्याचा दर करदराइतकाच असेल तर सगळं सुटतं. दर कमी असेल तर एफओबी किंमत × (१३ − परतावा दर) एवढी रक्कम वळती करता येत नाही, ती थेट खर्चात जाते. १० लाख युआनची खेप, परतावा ९ टक्के: ४० हजार युआन खर्च वाढला. निर्यातदाराच्या हातात पूर्वीइतकेच पैसे पडायला हवे असतील तर भाव १ ÷ ०.९६, म्हणजे ४.१७ टक्के वाढावा लागतो.

परतावा शून्य केला तर मात्र सूत्रच बदलतं, आणि इथे फार जण आपटतात. ज्या मालाचा परतावा रद्द होतो त्याची निर्यात देशांतर्गत विक्री समजून कर लावतात. एफओबी किंमत करासहित धरून तिला १.१३ ने भागायचं आणि त्यावर १३ टक्के. कच्च्या मालाचं क्रेडिट पूर्ण मिळतं. म्हणजे भाव १३ टक्के वाढावा लागतो, १ ÷ ०.८७ करून येणारे १४.९ टक्के नव्हेत.

दोन्ही प्रकार तुम्हाला एकाच आदेशात मिळतात. १५ नोव्हेंबर २०२४ ला चीनच्या अर्थ मंत्रालयाने आणि करप्रशासनाने जाहीर केलं, १ डिसेंबरपासून लागू. अॅल्युमिनियम, तांब्याचे अर्धतयार प्रकार आणि रासायनिक बदल केलेली तेलं-चरबी मिळून ५९ कोडचा परतावा रद्द. रिफाइंड इंधन, सोलर, बॅटरी आणि काही अधातू खनिज उत्पादनं मिळून २०९ कोडचा १३ वरून ९. तारीख ठरते ती निर्यात घोषणापत्रावरच्या निर्यातीच्या दिवसावरून.

जाहीर होणं आणि लागू होणं यात फक्त दोन आठवडे आहेत. या दोन आठवड्यांत जेवढं जहाजावर चढेल तेवढं चढवलं गेलं. तुम्ही १ डिसेंबर ही घटना धरून आधीचे-नंतरचे महिने तुलनेला घेतलेत तर वरातीमागून घोडं. नोव्हेंबर-डिसेंबर एकत्र करा किंवा दोन्ही गाळा, आणि घटनेची तारीख १५ नोव्हेंबर ठेवा.

माझ्या मते सोलर मॉड्यूल या प्रबंधातून काढून टाका. आपल्या बाजूला इतकं काही चालू होतं की चीनचा ४ टक्क्यांचा बदल त्यात सापडणार नाही. सेफगार्ड ड्युटी (आयात अचानक वाढली की देशी उद्योगाच्या बचावासाठी लावतात ती) जुलै २०२१ अखेर संपली, १ एप्रिल २०२२ पासून मॉड्यूलवर ४० आणि सेलवर २५ टक्के बेसिक ड्युटी आली, मधल्या आठ महिन्यांत ड्युटी नव्हती म्हणून लोकांनी गोदामं भरली. एएलएमएम यादी (सरकारमान्य मॉड्यूल आणि उत्पादकांची) २०२३-२४ साठी स्थगित, १ एप्रिल २०२४ पासून परत चालू. आणि फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात मॉड्यूलची बेसिक ड्युटी ४० वरून २० झाली, पण उरलेले २० टक्के एआयडीसी म्हणून परत लागले. फक्त बेसिक ड्युटीचा रकाना उचलणाऱ्याला ड्युटी निम्मी झाल्याचा भास होतो.

त्याऐवजी अॅल्युमिनियम घ्या: ७६०६ (पत्रे-पट्ट्या) आणि ७६०७ (फॉइल). धक्का १३ टक्क्यांचा, एका तारखेला, आणि पुणे-चाकण पट्ट्यात गिऱ्हाईक भरपूर. फॉइलवर आपल्याकडे जाडीनुसार अँटी-डम्पिंग (फार स्वस्तात ओतलेल्या मालावरची जादा ड्युटी) लागत आलं आहे, त्याच्या अधिसूचनांच्या तारखा वेगळ्या रकान्यात ठेवा. सोलर हवंच असेल तर सुटे सेल.

किती उतरेल याचा अंदाज आधीच लिहून ठेवा. जिथे चीनबाहेर पुरवठादार नाही तिथे गिऱ्हाईक भरतं. जिथे चीनमध्येच शंभर कारखाने एकमेकांच्या उरावर बसलेत तिथे पहिले काही महिने निर्यातदार गिळतो.

---

सदाशिव_३०

वरच्या दोघांनी चांगलं लिहिलंय, पण स्टीलबद्दल कोणीच बोललं नाही, आणि खरी मजा तिथे आहे.

चीनने साध्या स्टीलवरचा परतावा कमी ठेवला आणि मिश्रधातू स्टीलवरचा चालू ठेवला तेव्हा स्टील कारखान्यांनी साध्या स्टीलमध्ये चिमूटभर बोरॉन घातलं. एचएसच्या टिपेप्रमाणे ०.०००८ टक्के बोरॉन असलं की स्टील "मिश्रधातू" ठरतं. टनामागे आठ ग्रॅम! माल तोच, वापर तोच, कोड मात्र ७२०८ (साधं फ्लॅट स्टील) वरून ७२२५ (मिश्रधातूचं) वर. १ जानेवारी २०१५ ला बोरॉनवाल्या स्टीलचा परतावा काढला, तर लोक क्रोमियमवर गेले, तिथे उंबरठा ०.३ टक्के.

म्हणून फक्त ७२०८ ची मालिका काढून "चीनची निर्यात पडली" असं लिहू नका. ७२०८ ते ७२१२ आणि ७२२५-७२२६ यांची बेरीज टनांत करा. टनच, डॉलर नाही.

पुढचं प्रकरण २०२१ चं. १ मे रोजी १४६ आणि १ ऑगस्टला आणखी २३ स्टील उत्पादनांचा परतावा रद्द झाला. ताळेबंद यांच्या हिशेबाने भाव १३ टक्के वाढायला हवा होता. निर्यात मात्र वाढतच गेली, २०२४ मध्ये ११ कोटी टनांवर, २०१५ नंतरची सर्वांत जास्त. एक कारण देशातली बांधकामाची मागणी बसली हे. दुसरं कमी बोललं जाणारं: दुसऱ्याच्या निर्यात कागदांवर माल बाहेर काढायचा आणि व्हॅट भरायचाच नाही. अशा मालाचा भाव सरळ मार्गाने आलेल्या मालापेक्षा स्वस्त पडतो. चिनी करप्रशासनाने १ ऑक्टोबर २०२५ पासून एजंटाला खऱ्या मालकाची माहिती देणं बंधनकारक केलं ते यासाठीच. तुमच्या समीकरणात २०२१ नंतर स्टीलचा भाव करबदलाला प्रतिसाद देताना दिसला नाही तर लगेच "निर्यातदाराने गिळलं" असा अर्थ काढू नका. कर भरलाच नव्हता असंही असेल.

आपल्या बाजूला २१ एप्रिल २०२५ पासून फ्लॅट स्टीलवर २०० दिवसांची १२ टक्के तात्पुरती सेफगार्ड ड्युटी लागली, नमुना त्याआधी थांबवा.

आणि ते "ओव्हरकपॅसिटी" प्रकरण. चीनच्या सांख्यिकी खात्याचा क्षमता वापर २०२४ साठी ७५ टक्के आहे. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कितीतरी देशांत तेवढाच असतो. कारखान्याच्या दारावरचा भाव निर्देशांक ऑक्टोबर २०२२ पासून सलग वार्षिक घट दाखवत होता, तो जास्त बोलतो. सरकारही २०२५ मध्ये उघडपणे भाव पाडण्याच्या स्पर्धेविरुद्ध बोलू लागलं. तरी प्रबंधात हा शब्द वापरायचा तर कशाच्या तुलनेत जास्त, ते एका वाक्यात लिहा. नाहीतर व्हायव्हात पहिला प्रश्न तोच येईल.

---

अनुजा_क (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. मॉड्यूल काढून अॅल्युमिनियम घेते, स्टीलसाठी ७२०८ ते ७२१२ + ७२२५-७२२६ ची बेरीज करते. दोन शंका: चिनी कस्टमची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. आणि अनुदान व पर्यावरण यांवर कोणी सांगेल का?

---

ताळेबंद

चौकोनांचं आधी. ती फाइल यूटीएफ-८ नसते, चिनी जीबी १८०३० एन्कोडिंगमध्ये असते. डबल क्लिक करून उघडू नका. एक्सेलच्या डेटा मेनूतून टेक्स्ट फाइल आयात करा, एन्कोडिंग चायनीज सिम्प्लिफाइड निवडा. आणि कोडचा रकाना "टेक्स्ट" ठेवा, नाहीतर ०३ ने सुरू होणाऱ्या कोडचं शून्य उडतं. क्वेरी एका वेळी फार मोठी टाकू नका, एकेक वर्ष आणि एकेक प्रकरण असं उतरवा.

अनुदान. शांघाय-शेन्झेनला सूचीबद्ध कंपन्यांचे वार्षिक अहवाल जुछाओ या अधिकृत प्रकटन संकेतस्थळावर फुकट मिळतात. टिपांमध्ये "सरकारी साहाय्य" असा तक्ता असतो. २०१७ ला लेखामानक बदललं, तेव्हापासून कामकाजाशी संबंधित साहाय्य "इतर उत्पन्न" या ओळीत जातं, आधी ते बिगर-कामकाज उत्पन्नात होतं. फक्त एक ओळ धराल तर २०१७ ला अनुदानाची उडी किंवा कोसळणं दिसेल, जे झालेलंच नाही. मालमत्तेसाठी मिळालेलं साहाय्य आधी "स्थगित उत्पन्ना"त जाऊन वर्षानुवर्षं थोडं थोडं उतरतं. मिळालेली रोकड हवी असेल तर रोख प्रवाहाच्या टिपा वाचा.

स्वस्त कर्जाचा भाग असा काढतात: वर्षाचा व्याजखर्च, अधिक भांडवलात टाकलेलं व्याज, भागिले सुरुवातीच्या आणि अखेरच्या कर्जाची सरासरी. हा दर त्या वर्षीच्या एलपीआरशी (चिनी बँकांचा कर्जासाठीचा संदर्भ दर) ताडायचा. भांडवलात टाकलेलं व्याज विसरलात तर नवा कारखाना बांधणारी प्रत्येक कंपनी फुकट कर्जावर चाललेली दिसते. स्वस्त जमीन आणि स्थानिक सरकारच्या फंडाने घेतलेलं भागभांडवल यांपैकी कशातच येत नाही. अमेरिकेतल्या सीएसआयएस या संस्थेने २०२२ मध्ये २०१९ सालासाठी जीडीपीच्या किमान १.७३ टक्के असा अंदाज काढला. "किमान" हा शब्द महत्त्वाचा, कारण मोजता न येणारं त्यांनी बाहेर ठेवलं.

स्थानिक सरकारांचा हात किती सैल आहे हेही बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने त्यांचं लपलेलं कर्ज अधिकृत रोख्यांत बदलायला १० लाख कोटी युआनची सोय केली: ६ लाख कोटींनी मर्यादा वाढवून तीन वर्षांत, ४ लाख कोटी विशेष रोख्यांतून पाच वर्षांत. २०२३ अखेरचं असं कर्ज त्यांनीच १४.३ लाख कोटी सांगितलं. ही नवी उधळपट्टी नाही, जुन्या महाग कर्जाच्या जागी स्वस्त कर्ज आहे. त्यातून कारखान्यांना अनुदान वाढलं असं गृहीत धरू नका.

अजून एक. जे पान आज उघडतं ते उतरवून ठेवा. ऑगस्ट २०२३ मध्ये तरुणांच्या बेरोजगारीचा आकडा बंद झाला (जूनचा २१.३ टक्के होता) आणि जानेवारीत परत आला तो विद्यार्थी वगळून, नव्या पद्धतीने. एप्रिल २०२३ पासून सीएनकेआय या चिनी शोधनिबंध-संग्रहाच्या काही डेटाबेसचा परदेशी वाचकांचा प्रवेशही कमी केला.

---

धुरकट

पर्यावरणाचा भाग माझ्याकडे.

रसायनांसाठी करपरतावा हा तुमचा मुख्य चल ठेवलात तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. २०१९ ते २०२२ या काळात इंटरमिजिएटचे भाव हलवले ते बंदी-आदेशांनी. दोन तारखा धरा.

२१ मार्च २०१९: जिआंग्सू प्रांतात शियांगश्वेईच्या केमिकल पार्कमध्ये स्फोट, ७८ मृत्यू. ते पार्क कायमचं बंद, प्रांतभर छोटे कारखाने हटवायची मोहीम. रंग आणि कीटकनाशकांच्या इंटरमिजिएटवर थेट परिणाम.

सप्टेंबर २०२१: ऊर्जा वापराच्या "दुहेरी नियंत्रणा"खाली युन्नान प्रांताचा आदेश. पिवळा फॉस्फरस आणि औद्योगिक सिलिकॉनचं सप्टेंबर ते डिसेंबरचं मासिक सरासरी उत्पादन ऑगस्टच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. दहा टक्क्यांनी कपात नव्हे, दहा टक्क्यांवर कपात. ग्लायफोसेटसारख्या फॉस्फरसवर उभ्या असलेल्या मालाचे भाव त्याच हंगामात का चढले ते इथे कळतं. कुरकुंभमध्ये भाव विचारायला जाल तेव्हा करार कधी झाला आणि माल कधी आला या दोन्ही तारखा विचारा. बिलावरचा भाव कराराच्या दिवसाचा असतो, कस्टमच्या महिन्याचा नाही.

समीकरणात हे घालायचं तर देश-महिना पातळीवर नाही, प्रांत पातळीवर. चिनी कस्टमच्या क्वेरीत निर्यातदाराच्या नोंदणीचा प्रांतही निवडता येतो. युन्नानचा वाटा मोठा असलेले कोड "बाधित", बाकीचे तुलनेला. नोंदणीचा प्रांत आणि कारखान्याचा प्रांत नेहमी एक नसतो, शांघायमधली व्यापारी कंपनी दुसरीकडचा माल विकते, एवढं तळटिपेत लिहा.

चिनी प्रदूषणाच्या आकड्यांवर काही उभारणार असाल तर मापनपद्धत कधी बदलली ते आधी बघा. २०१२ नंतर शहराशहरांत हवा मोजणारी स्वयंचलित केंद्रं आली आणि आकडे थेट केंद्र सरकारकडे जाऊ लागले. ग्रीनस्टोन आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या अभ्यासात नोंदवलेलं पीएम १० स्वयंचलन होताच साधारण ३५ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. हवा एका रात्रीत बिघडली नव्हती. आधीचे आकडे स्थानिक अधिकारी हाताने भरत होते.

कार्बन बाजाराचंही तेच. १६ जुलै २०२१ ला वीज कंपन्यांसाठी सुरू झाला, पहिल्या दिवशी ४८ युआनला उघडून ५१.२३ ला बंद. तो एकूण उत्सर्जनावर मर्यादा घालत नाही, युनिटमागच्या उत्सर्जनावर घालतो. उत्पादन वाढलं की परवानेही वाढतात. म्हणून "कार्बन किंमत × उत्सर्जन" असा सरळ खर्च निर्यात भावात घालू नका. कारखान्याला जाणवतो तो फक्त मानकापेक्षा जास्त असलेल्या भागाचा खर्च. मार्च २०२५ मध्ये स्टील, सिमेंट आणि अॅल्युमिनियम त्यात आले, तुमच्या नव्या वस्तूसाठी ही तारीख लागेल. फायलीत नोंद करा, पण नोव्हेंबर २०२४ च्या धक्क्याचा परिणाम मोजायला तुमच्याकडे मार्च २०२५ अखेरपर्यंतचे फक्त तीन स्वच्छ महिने उरतात, त्यातले दोन नववर्षाचे.

---

चाकण_लाइन३

धागा वाचत होतो. बिल_ऑफ_एंट्री साहेब, चुंबकांचा उल्लेख आलाच आहे म्हणून विचारतो. एप्रिल २०२५ नंतर ८५०५११ (धातूचे कायमचुंबक) चे आकडे पडले आणि सरासरी भाव विचित्र हलला. चीनने भाव वाढवला असं धरायचं का?

---

बिल_ऑफ_एंट्री

नाही. ४ एप्रिल २०२५ ला सात मध्यम-जड रेअर अर्थ धातूंवर निर्यात परवाना आला: समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेटियम, स्कँडियम, इट्रियम. परवान्याला ४५ कामाचे दिवस आणि अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र. मोटरच्या चुंबकात उष्णता सहन व्हावी म्हणून डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात, ते चुंबक अडकले. ज्यात हे दोन्ही नाहीत ते साधे निओडायमियमचे चुंबक येत राहिले. म्हणजे कोड एकच, आतला माल बदलला. सरासरी भाव खाली गेला तरी ते स्वस्त झाल्याचं लक्षण नाही, वर गेला तरी महागाईचं नाही.

तुमच्याकडे खरेदीची बिलं असतील तर ग्रेडनुसार वेगळी लावा. ग्रेडच्या शेवटी एसएच, यूएच, ईएच अशी अक्षरं असलेले जास्त तापमानाचे. नुसता एन ३५, एन ४२ असा ग्रेड असेल तर त्यात सहसा जड धातू नसतात. या दोन गटांचे भाव वेगळे काढल्याशिवाय ८५०५११ वर एक ओळही लिहू नये. फेराइट चुंबक ८५०५१९ मध्ये येतात, आपल्याकडच्या फेराइट कोअरच्या उपकोडमुळे काही आयातदार दोन्हीकडे लिहितात, तेही गाळून घ्या.

अनुजाताई, तुम्हाला अॅल्युमिनियमसाठीही हेच लागू आहे. ७६०६ मध्ये साध्या आणि मिश्रधातूच्या पत्र्यांचे सहा आकडी कोड वेगळे आहेत, ७६०७ मध्ये नुसती लाटलेली आणि मागे कागद लावलेली फॉइल वेगळी. चार आकड्यांवर भाव काढू नका. आणि भावातून शांघाय वायदेबाजाराचा अॅल्युमिनियमचा भाव वजा करून उरलेल्या प्रक्रिया-शुल्कावर परताव्याचा परिणाम मोजा. पत्र्याच्या किमतीचा बराच मोठा भाग धातूचाच असतो, आणि त्याच्या चढउतारात तुमचे १३ टक्के बुडून जातील.